मुलुंड की ठाणे? आमच्या घरखरेदीची सगळी हकीकत, खर्चासकट

मुलुंड घ्यावं की ठाणे, हा प्रश्न ज्यांच्यावर कधी आला नाही त्यांना तो फारच किरकोळ वाटतो. स्टेशनं लागून लागून, मधे चेकनाका, लोकलने चार-पाच मिनिटं. पण एका बाजूला मुंबई महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ठाणे महापालिका, इकडे एमएच ०३ आणि तिकडे एमएच ०४, स्टॅम्प ड्युटी वेगळी, घरपट्टी वेगळी, पोलीस कमिशनर वेगळे, आणि नातेवाईकांचा सूर तर सगळ्यात वेगळा. "मुलुंड म्हणजे मुंबई हो शेवटी" हे वाक्य मी त्या सहा-सात महिन्यांत इतकं ऐकलं की कोणी बोलायला तोंड उघडलं की मला आधीच कळायचं. आता सगळं आटपलंय, डोकं ताळ्यावर आहे, म्हणून लिहून काढतेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा दोन्हीची तुलना करणारे सगळे एकतर एजंट होते नाहीतर आपापल्या एरियाचे अभिमानी.

आम्ही भाड्याने मुलुंड पूर्वेलाच, गव्हाणपाड्याच्या बाजूला. घरात मी, नवरा, मुलगी तिसरीत आणि सासूबाई. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ऐरोलीला. घरमालकांनी २०२४ च्या दिवाळीत प्रेमाने फराळ दिला आणि तितक्याच प्रेमाने सांगितलं की मुलगा परत येतोय, लिव्ह अँड लायसन्स ३१ मे २०२५ ला संपतंय ते आता वाढवणार नाही. भाडं तसंही वाढतच चाललं होतं. मग ठरवलं की आता बास, घ्यायचंच. बजेट एक कोटीच्या आसपास, त्यात सगळं जमलं तर उत्तम, आणि एरिया दोनच, मुलुंड पूर्व किंवा ठाणे पूर्व म्हणजे कोपरी. घोडबंदर रोडला एवढ्या पैशात चकाचक टॉवरमधे घर मिळतं हे माहीत होतं, पण तिथून रोज स्टेशन गाठायचं या विचारानेच मला दम लागतो, मेट्रो ४ चे नुसते खांब तेव्हा कितीतरी वर्षं बघत होतो आपण सगळे. त्यामुळे स्टेशनपासून चालत, ही माझी अट, आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाही.

नोव्हेंबरपासून शनिवार-रविवार घरं बघणं सुरू झालं. नुकताच, १५ ऑक्टोबर २०२४ पासून, मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला होता. त्याआधी कारला ४५ रुपये पडायचे, आणि आनंदनगर नाक्यापलीकडचे हरिओम नगरवाले तर महापालिका मुंबईची असून मुंबईत यायला टोल भरायचे, हा विनोद मुलुंडकरांना पाठ आहे. टोल गेल्यावर कोपरीचे एजंट लगेच "आता मुंबई आणि ठाण्यात फरकच काय उरला मॅडम" म्हणत भाव चढवायला लागले. फरक आहे, पण तो टोलचा नव्हताच कधी.

आधी सरळ पैशाचं सांगते. मुलुंडमधे आम्हाला आवडलेला फ्लॅट म्हणजे ४७० स्क्वेअर फूट कार्पेटचा वन बीएचके, जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसरा मजला, खाली आंब्याचं झाड, समोर शांत गल्ली. ९८ लाखाला तयार होते. कोपरीत मीठ बंदर रोडच्या बाजूला ५६० कार्पेटचा छोटा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे, १ कोटी २ लाख. स्टॅम्प ड्युटी मुंबईत ६ टक्के (५ अधिक मेट्रोचा १) आणि ठाण्यात ७, कारण तिथे मेट्रोच्या एका टक्क्यावर स्थानिक संस्थेचा अजून एक टक्का बसतो. हे कोणी एजंट आपणहून सांगत नाही, शेवटच्या हिशोबात कळतं आणि लाखभर रुपये एकदम वाढतात. फक्त बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. घरपट्टीचं म्हणाल तर मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, म्हणजे मुलुंडच्या घराला शून्य. कोपरीच्या मालकांनी मागचं बिल दाखवलं ते वर्षाचं आठ हजाराच्या घरात. मेंटेनन्स मुलुंडला २८००, कोपरीला ३६००, लिफ्टमुळे. विजेत मात्र काही फरक नाही, कारण मुलुंड-भांडुप मुंबईत असूनही महावितरणकडेच आहे, आणि पाईप गॅस दोन्हीकडे महानगर गॅस.

पाण्याचा बराच बागुलबुवा दाखवला लोकांनी. "ठाण्यात पाणी नसतं." आता ठाणं म्हणजे केवढं, घोडबंदरच्या टँकरवरून कोपरीची परीक्षा कशी करणार? मी सरळ दोन्ही बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं की टँकर कधी मागवला होता आणि पाणी किती वाजता येतं. सेक्रेटरीला विचारू नका, वॉचमनलाच विचारा, पंप तोच चालू करतो. दोन्हीकडे सकाळचं पाणी येत होतं, मे महिन्यात कोपरीला थोडी ओढाताण होते म्हणाला, तेवढंच.

मग लोकल. हे मी नुसतं बोलण्यावर सोडलं नाही, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ठाण्याहून ऑफिसला जाऊन बघितलं. मुलुंडचं मला रोजचंच होतं, स्लोला उभं राहायला जागा मिळते, काही फास्ट थांबतात पण त्यात चढणं म्हणजे अंगातली सगळी ताकद पणाला, आणि म्हणून कितीतरी मुलुंडकर उलटे ठाण्याला जाऊन बसून येतात. ठाण्याला सगळ्या फास्ट थांबतात, पण कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या गाड्या आधीच गच्च, त्यामुळे "ठाण्याला फास्ट मिळते" हे वाक्य ऐकायला छान आहे, प्रत्यक्षात मी ठाण्याहून सुटणारी स्लो धरली आणि पूर्ण वेळ बसून गेले. पंधरा मिनिटं जास्त लागली असतील, पण बसून. चाळिशीकडे झुकल्यावर या बसून जाण्याची किंमत कशात मोजायची तुम्हीच सांगा.

नवऱ्याचा तर प्रश्नच मिटत होता. ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या, गाड्या ठाण्याच्या ९, १० नंबरवरून सुटतात आणि ते प्लॅटफॉर्म पूर्वेच्या टोकाला आहेत, म्हणजे कोपरीहून गेलं की मुख्य पुलाच्या गर्दीत शिरायलाच लागत नाही. दिघा गाव, मग ऐरोली, संपलं. मुलुंडहून तो बाईकने ऐरोली पुलावरून जायचा, पावसाळ्यात रोज मला धाकधूक.

एवढं असूनही जानेवारीत आम्ही मुलुंडचं घर जवळजवळ नक्की केलं होतं, हे गमतीचं वाटेल, पण खरं आहे. मुलीची शाळा तिथे, सासूबाईंच्या मैत्रिणी संभाजी मैदानात, केळकर कॉलेजच्या रस्त्याचा भाजीवाला मला उधारीवर देतो, आणि शिवाय ते मुंबई. सासूबाईंनी तर "कोपरीत आपलं कोण आहे" एवढंच विचारून तीन दिवस विषय बंद ठेवला. मी स्वतः पण आतून मुलुंडकडेच होते. त्यात मालक म्हणत होते की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, थोडी कळ काढा, टॉवरमधे मोठं घर मिळेल.

टोकन द्यायच्या आधी आम्ही वकिलांना कागद दाखवले, १५ हजार घेतले त्यांनी सर्च (म्हणजे मागचे करार तपासणं) आणि नंतर करार बनवायचे मिळून. ज्यांना कोणाला हे पैसे वाचवावेसे वाटतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वाचवू नका. मुलुंडच्या घराचे तीन मालक बदलले होते. आताच्या मालकांचा करार व्यवस्थित रजिस्टर, पण त्याआधीचा, १९९०च्या सुमाराचा, साध्या स्टॅम्प पेपरवर, रजिस्टरच नाही आणि स्टॅम्प ड्युटीही अपुरी. वकील म्हणाले की डिसेंबर २०२३ मधे सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना आली होती, तेव्हा हे कमी दंडात निस्तरता आलं असतं, आता कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड लागतो आणि इतक्या वर्षांचा हिशोब कुठल्या कुठे जाईल. बिल्डिंगची ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) पण सापडत नव्हती, कन्व्हेयन्स झालेलं नव्हतं, म्हणजे जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्याच नावावर. रिडेव्हलपमेंटसाठी सहकार कायद्यात जी ठरलेली ७९ए ची प्रक्रिया सोसायटीला करावी लागते तीही अजून सुरू नव्हती, नुसती जिन्यातली चर्चा. आणि समजा झालीच सुरू, तर आम्ही लोनचा हप्ता भरत पुन्हा तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात, बिल्डरच्या भाड्याच्या चेकची वाट बघत.

बँकेतल्या माणसाला अंदाजाने विचारलं तर तो म्हणाला आधीचा करार नीट करून आणा मग बघू. मालक चांगले होते, पण दंड कोण भरणार यावर त्यांचं म्हणणं होतं की निम्मा निम्मा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री मी रडले, उगाच नाही सांगत, स्वयंपाकघराच्या खिडकीत कुठली कुंडी ठेवायची इथपर्यंत माझं ठरलं होतं.

कोपरीच्या घराकडे मग वेगळ्या नजरेने पाहिलं. खरं म्हणजे तेव्हाच लक्षात आलं की आम्ही तीन महिने एरियावर भांडतोय, पण बँक, वकील, रजिस्ट्रार यांच्यातल्या कोणालाच एरियाशी देणंघेणं नाही, त्यांना ती एक बिल्डिंग आणि तो एक फ्लॅट दिसतो. कोपरीची फाईल बघून वकील पहिल्यांदाच हसले. ओसी २००३ ची, साखळीतले दोन्ही करार रजिस्टर, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा) सकट, शेअर सर्टिफिकेट नावावर, आणि सोसायटीने डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरवर न थांबता सरकारकडून जमीन सोसायटीच्या नावावर, करून घेतलेलं. सॅटिसच्या (स्टेशनबाहेरची वाहतूक सुधारायच्या योजनेच्या) कामामुळे तेव्हा स्टेशनबाहेर धूळ आणि ट्रॅफिक भरपूर, हे मात्र खरं, आणि हायवेचा आवाज रात्री येतो. आम्ही म्हणून रात्री दहाला आणि एकदा रविवारी दुपारी असं जाऊन गॅलरीत उभं राहून बघितलं, मालकांना जरा विचित्र वाटलं असणार. २२ फेब्रुवारीला एक लाखाचा टोकन चेक दिला.

लोनची गोष्ट. आम्ही ७० लाख मागितले. आरबीआयच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, त्याच्या वर गेलात की ७५ टक्केच, आणि या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे ३२ लाख आपले आणि वर सव्वासहा-साडेसहा लाख सरकारचे, हे सगळं खात्यात हवं. माझा पीएफ, नवऱ्याच्या एफडी, आणि माझ्या आईने दिलेले तीन लाख. घर माझ्या एकटीच्या नावावर, नवरा लोनमधे को-ऍप्लिकंट. त्याला टॅक्समधे व्याजाची सूट मिळणार नाही कारण तो मालक नाही, पण आम्ही दोघं नवीन टॅक्स रेजीममधे आहोत, तिथे स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाची सूट तशीही नाहीच, मग एक टक्का स्टॅम्प ड्युटी का सोडायची? हे गणित सगळ्यांना लागू नाही, जुन्या रेजीमवाल्यांनी आधी सीएला विचारा. नातेवाईकांपैकी एका काकांनी नवऱ्याला बाजूला घेऊन "नाव तरी लाव रे" असं समजावलं, तो फक्त "एक लाख दोन हजार वाचतात काका" म्हणाला, तिथे काका गप्प.

बँकेचं लीगल, टेक्निकल व्हिजिट, होळीची सुट्टी, मग "साहेब मार्च एंडिंगमधे आहेत", असं करत सँक्शन लेटर २८ मार्चला हातात. तेवढ्यात नवीनच घबराट. १ एप्रिलपासून रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, वाढणार, ३१ मार्चच्या आत रजिस्ट्रेशन करा, असे एजंटचे दिवसाला पाच फोन. वाढले खरे, ठाण्यात सरासरी ७.७२ टक्के आणि मुंबईत ३.३९. पण स्टॅम्प ड्युटी कराराची रक्कम आणि रेडी रेकनर यातलं जे जास्त असेल त्यावर लागते, आणि आमची कराराची रक्कम वाढीव रेकनरच्याही बरीच वर होती, म्हणजे आम्हाला काहीच फरक नव्हता. वकिलांनी दोन मिनिटांत आकडा काढून दाखवला. त्यामुळे मार्चएंडच्या त्या जत्रेत आम्ही गेलो नाही, पाडव्याला घरी श्रीखंड खाल्लं आणि रजिस्ट्रेशनला १६ एप्रिलचा दिवस घेतला. नवरा म्हणाला १८५३ मधे याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली होती, त्याला असलं सगळं लक्षात राहतं, लग्नाची तारीख सोडून.

स्टॅम्प ड्युटी ६,१२,००० आणि रजिस्ट्रेशन ३०,००० आधी ऑनलाईन चलनाने भरले, डेटा एंट्री वकिलांच्या माणसाने केली, त्यातली नावं, पॅन आणि फ्लॅटचा नंबर स्वतः अक्षर अक्षर वाचा, कारण इंडेक्स टू त्यावरूनच निघतो आणि नंतर बदलायचं तर वेगळं चूक दुरुस्ती पत्र करायला लागतं. मी माझ्या नावातला एक काना तिथेच पकडला. दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना ओरिजिनल आधार, पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या आधारसकट, हँडलिंगचे तेव्हा पानामागे २० रुपये होते. फोटो, अंगठा, सही, परत अंगठा. विकणाऱ्या काकूंचा अंगठा मशीन घेईचना, शेवटी त्यांनी पदराला पुसून पुसून चौथ्या बोटाने काम झालं. सकाळी साडेदहाला गेलो ते दीडला बाहेर, त्यात प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं. सासूबाई पण आल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, आता इथवर आलोच आहोत तर कोपीनेश्वराला जाऊन येऊ. तलावपाळीला तिथून रिक्षाने गेलो, तेव्हाचं २६ रुपये मिनिमम, आणि त्यांचा कोपरीवरचा राग बहुतेक त्याच दिवशी उतरला, कारण येताना जांभळी नाक्यावरून त्यांनी दोन पिशव्या भाजी घेतली आणि मुलुंडपेक्षा किती स्वस्त हे रात्रीपर्यंत सांगत होत्या.

टीडीएसचं विसरू नका. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारला भरायचा असतो. आमचे विकणारे नवरा-बायको दोघं, म्हणून २६ क्यूबी (हा टीडीएस भरायचा तेव्हाचा फॉर्म) दोन वेगळे, ५१ हजारांचे. ज्या महिन्यात पैसे कापले तो संपल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. हे जादाचे पैसे नाहीत, त्यांच्या रकमेतूनच जातात, पण आधी बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या चेकला "एक लाख कमी कसे" म्हणून वातावरण बिघडतं. बाकी खर्च म्हणजे ब्रोकरेज एक टक्का, बँकेकडे गहाण ठेवण्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, त्यावर लोनच्या ०.३ टक्के म्हणजे २१ हजार, हे तर आम्ही हिशोबात धरलंच नव्हतं, बँकेने सँक्शननंतर सांगितलं.

९ एप्रिलला रेपो रेट अजून पाव टक्का कमी झाला होता, फेब्रुवारीत एकदा झालाच होता, तेव्हा लोनचे पैसे सुटायच्या आधी बँकेला नवीन रेटने लेटर द्यायला लावलं. मागितलं नसतं तर जुन्याच रेटने सुरू झालं असतं असं मला वाटतं. चेक ३० एप्रिलला, अक्षय तृतीयेला दिला, विकणाऱ्यांची तशी इच्छा होती.

सोसायटीचा एक किस्सा. एनओसी मागायला गेलो तर कमिटीने ट्रान्सफर प्रीमियमशिवाय (घर नावावर करताना सोसायटी घेते तो) "बिल्डिंग फंडाला" एक लाख मागितले, सगळेच देतात म्हणे. सहकार खात्याचं २००१ सालचं परिपत्रक आहे, महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, त्याव्यतिरिक्त ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००. प्रिंट काढून नेली आणि अगदी हळू आवाजात, "काका, आम्हाला इथेच राहायचंय, भांडण नको, पण पावती कोणत्या नावाने द्याल?" एवढंच विचारलं. पावतीचा विषय निघाला की आवाज खाली येतात. २५,६०० वर मिटलं.

सामान २५ मेला हलवलं. एरवी मे महिन्यात कोण ताडपत्रीचा विचार करतं, पण त्या आठवड्यात पाऊस लागला होता आणि दुसऱ्या दिवशी मान्सून मुंबईत आल्याचं जाहीरच झालं, निदान गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर कधी आलाच नव्हता. टेम्पोवाल्याने ९ हजार घेतले, गाद्या तरी एका कडेने भिजल्या. शाळेच्या व्हॅनवाल्या दादांनी "नाक्याच्या पलीकडे ना" म्हणून महिन्याला ३०० वाढवले, शाळा मुलुंडचीच ठेवली आहे.

नंतरची कामं सावकाश चालली आहेत. महावितरणचं नाव ऑनलाईन इंडेक्स टू जोडून बदललं, गॅसचं पण झालं. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरलाय, आता आम्ही मुलुंडमधून कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघात. शेअर सर्टिफिकेट कमिटीच्या पुढच्या मीटिंगनंतर मिळालं आणि बँकेने लगेच ते पण मागून घेतलं, तेव्हा झेरॉक्स आधी काढा. ठाणे महापालिकेत घरपट्टीच्या नावात बदल करायचा बाकी आहे, त्याला इंडेक्स टू, सोसायटीचं पत्र आणि मागची पूर्ण भरलेली पावती लागते, आणि ती मागची पावती जुन्या मालकांकडून घ्यायची राहिली होती, ती काकूंनी परवा आणून दिली, सोबत दाल पकवानचा डबा. ते सिंधी आहेत, कोपरीत बरीच सिंधी कुटुंबं आहेत, आणि सासूबाईंनी आता रेसिपी लिहून घेतली आहे.